तुफान चादरीवरच का शू करतो?

प्रश्न : आम्ही मुरारजी पेठेत जुन्या घरात पहिल्या मजल्यावर राहतो. मंगळवेढ्याच्या पाहुण्यांनी कारवानी जातीच्या कुत्र्याचं तीन महिन्यांचं पिल्लू दिलं. नाव तुफान. आता अकरा महिन्यांचा आहे, वजन २२ किलो. लहान असताना खाली नेऊन शू झाली की लगेच वर आणायचो. आता सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला चाळीस-चाळीस मिनिटं फिरवतो, तरी बाहेर काही करत नाही. घरी आला की पाच मिनिटांत दिवाणाच्या मागे, नाहीतर खाली अंथरलेल्या चादरीवर मोकळा होतो. सासरे त्याचं नाक त्यात घासतात, वर्तमानपत्राच्या गुंडाळीनं मारतात. मग कान पाडून, मान खाली घालून बसतो. म्हणजे चूक कळते, तरी परत तेच. आम्ही सगळे बाहेर गेलो की हमखास करतो, म्हणून घरचे म्हणतात की सूड उगवतोय. जानेवारीतल्या गड्डा जत्रेच्या दारूकामापासून तर रात्री जिना उतरायलाच तयार नाही. शी दिवसातून चार वेळा, तीही पातळ. खायला भाकरी-दूध असतं. शेजारचा लॅब्रेडोर ‘बस’ म्हटलं की बसतो, आमचा मनात आलं तर ऐकतो. कारवानी जात मुळात ढ असते का? नळाला पाणी चार दिवसांआड येतं, रोज फरशी धुणं परवडत नाही. त्याला गावी परत पाठवावं असं घरात चाललंय.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुफान ढ नाही. त्याला गावी पाठवायचा विचार निदान सहा आठवडे बाजूला ठेवा. तेवढ्यात हा प्रश्न बहुतेक सुटतो, आणि नाहीच सुटला तर कुठे अडतंय ते तरी नक्की कळतं.

तुमच्या पत्रातच उत्तराचा मोठा भाग आहे. लहानपणी शू झाली की त्याला लगेच वर आणत होतात. त्यातून तो शिकला की शू केली की फिरणं संपतं. मग बाहेरचे वास, रस्ता, मोकळी हवा जास्त वेळ मिळावी म्हणून तो धरून ठेवायला लागला. अकरा महिन्यांचा निरोगी कुत्रा सहा-सात तास सहज धरू शकतो, त्यामुळे चाळीस मिनिटं त्याला काहीच नाहीत. दुसरी गोष्ट, माणसांसमोर शू केली की मार बसतो हे त्याला कळलं. ‘घरात करू नये’ हा अर्थ त्याच्यापर्यंत पोचलाच नाही, कारण मारताना घर आणि बाहेर यातला फरक कुणी दाखवला नव्हता. त्याला दिसलं ते एवढंच, की माणूस जवळ असताना हे करणं धोक्याचं. म्हणून तो दिवाणामागे जातो. आणि म्हणूनच पट्ट्याचं दुसरं टोक तुमच्या हातात असताना रस्त्यावरही करत नाही. हे दोन्ही निष्कर्ष त्यानं स्वतः काढलेत आणि त्याच्या बाजूनं पाहिलं तर दोन्ही बरोबर आहेत.

तिसरी गोष्ट चादरीची. पिल्लू तीन आठवड्यांचं होईपर्यंत आई चाटून त्याची शी-शू करवते. त्यानंतर ते स्वतः झोपायच्या जागेपासून लांब जाऊन करायला लागतं. साधारण सात ते नऊ आठवड्यांच्या वयात पायाखाली जे असतं, तीच पुढे त्याच्या पसंतीची जागा ठरते. तुमचा तुफान मंगळवेढ्याच्या मोकळ्या मातीवर वाढला. तुमच्या घरात आला तेव्हा पायाखाली गुळगुळीत फरशी, जिच्यावरून शिंतोडे उडून पायाला लागतात. खाली रस्त्यावर डांबर. मऊ, शोषून घेणारं, शिंतोडे न उडवणारं असं घरात एकच होतं, आपली सोलापुरी चादर. मातीच्या सगळ्यात जवळची वस्तू त्यानं निवडली. याच आवडीचा आपण पुढे उपयोग करून घेणार आहोत.

आता मान खाली घालण्याबद्दल. न्यूयॉर्कच्या संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली १४ कुत्र्यांवर याची तपासणी केली. कुत्र्यानं मना केलेला खाऊ खाल्ला होता की नव्हता, याच्याशी त्या ‘अपराधी’ चेहऱ्याचा संबंध दिसला नाही. मालक रागावला की तो चेहरा येत होता, काहीच न केलेल्या कुत्र्याचासुद्धा. म्हणजे कान पाडणं, नजर चुकवणं ही समोरच्या रागावलेल्या माणसाला शांत करायची खूण आहे. तुमच्या सासऱ्यांना हे समजावताना त्यांची चूक काढत बसू नका. नाक घासण्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे आणि त्यांनीही ती घर स्वच्छ राहावं म्हणूनच केली. फक्त तिच्यानं लपून करणारा कुत्रा तयार होतो. आजपासून मार, ओरडणं, नाक घासणं पूर्ण बंद. घरातल्या एकानं जरी ते चालू ठेवलं तरी पुढचं काहीही उपयोगी पडणार नाही. बाहेर शू केल्यावर खाऊ द्यायचं काम सासऱ्यांनाच द्या. ज्या हाताची त्याला भीती बसली आहे, त्याच हातानं ती जाणं सगळ्यात चांगलं.

सुरुवात मात्र लघवीच्या तपासणीनं करा. मूत्रमार्गात जंतुसंसर्ग असेल तर कितीही शिकवलं तरी तो धरू शकणार नाही. थेंब-थेंब, वारंवार, जोर लावून किंवा रक्ताळ शू होत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. नर कुत्रा वारंवार जोर लावतोय आणि काहीच येत नाही, ही तर तातडीची वेळ आहे. बाकी ठीक दिसत असलं तरी पाणी एकदा मोजा. सकाळी भांड्यात तीन लिटर मोजून घाला आणि चोवीस तासांनी किती उरलं ते पाहा. नेहमीच्या हवेत किलोमागे ५० ते ६० मिली, म्हणजे तुफानला सव्वा लिटरच्या आसपास पुरतं. दूध पीत असेल तर त्याहून कमी. उन्हाळ्यात वाढणारच. पण थंड दिवसांतही किलोमागे १०० मिलीच्या वर, म्हणजे सव्वादोन लिटर जात असेल, तर ते डॉक्टरांना सांगा. नमुना घ्यायला स्वच्छ, कोरडी उथळ वाटी हाताशी ठेवा, सकाळच्या पहिल्या शूची मधली धार त्यात धरा आणि दोन तासांत पोचवा. घरात शू नको म्हणून त्याचं पाणी मात्र कधी तोडू नका. लघवी दाट होते, वास वाढतो, आणि मूत्रखड्यांना निमित्त मिळतं.

तपासणी ठीक आली की वहीचं एक पान आखून पंधरा दिवस लिहा : कधी खाल्लं, कधी बाहेर नेलं, कुठे केलं, शू की शी, आणि किती. ‘किती’ हा रकाना महत्त्वाचा. खाली पसरलेलं मोठं थारोळं म्हणजे पोट मोकळं करणं. दाराची चौकट, दिवाणाचा पाय, खुर्ची अशा उभ्या जागेवर चमचाभर म्हणजे खूण करणं, आणि या वयाच्या नरात ते नुकतंच सुरू होतं. तुमच्या वर्णनावरून तुफानचं थारोळं आहे. उद्या पाय वर करून चमचा-चमचा करायला लागला तर पाय वर उचलताच हलकेच बोलवून बाहेर न्या, ती जागा खाली सांगितल्याप्रमाणे धुवा आणि गॅलरीतून रस्त्यावरचे कुत्रे दिसत असतील तर खालची जाळी पडद्यानं झाका. नसबंदीनं खुणा करणं बऱ्याच कुत्र्यांत कमी होतं. वय आणि वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवा.

या पंधरा दिवसांत घरात तो एकतर तुमच्या नजरेसमोर असेल, नाहीतर बाहेर. दीड मीटरची दोरी त्याच्या पट्ट्याला आणि तुमच्या कमरेला बांधा. भाकरी थापताना, टीव्ही बघताना तो तुमच्याजवळच बसेल. नजर ठेवणं शक्य नसेल तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराला लाकडी फळीचं अडसर लावून, खाली काहीही न अंथरलेल्या छोट्या जागेत ठेवा. फरशी हुंगत गोल फिरणं, खेळता खेळता अचानक थांबणं, दाराकडे जाऊन परत येणं, या खुणा दिसल्या की उठायचं. वाटेतच सुरू झालं तर ओरडू नका. ‘चल चल’ म्हणत चालवत न्या, उरलेलं बाहेर झालं तरी पूर्ण खाऊ द्या.

वेळा अशा धरा : उठल्याबरोबर सहाला, सकाळच्या खाण्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी, दुपारी एकदा, संध्याकाळी खाण्यानंतर आणि रात्री साडेदहाला. खाणं पोटात गेलं की आतडी हलतात, म्हणून शी खाण्यानंतर अर्ध्या तासाच्या आत होते. खाण्याच्या वेळा ठरलेल्या असल्या तर शीची वेळही ठरते. दिवसभर भांडं भरून ठेवू नका. खालच्या अंगणात किंवा गल्लीच्या कडेला मातीची एकच जागा ठरवा, तिथे दोरी सैल सोडून उभं राहा. त्याच्याकडे टक लावून पाहू नका, अर्धवट पाठ फिरवा. समोर माणूस बघतोय ही भीती अशीच कमी होते. पाच-सात मिनिटं. फिरायचं नाही, बोलायचं नाही. सुरू झाली की हळू आवाजात एकच शब्द, ‘शू कर’, आणि पूर्ण झाल्यावर दोन सेकंदांच्या आत खाऊ. खाऊ घरी आल्यावर दिला तर तो ‘घरी आल्याचा’ खाऊ होतो. हरभऱ्याएवढा उकडलेल्या चिकनचा, अंड्याचा किंवा पनीरचा तुकडा पुरतो. शेंगाचटणी नको, तिच्यातला लसूण कुत्र्याला बाधतो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं : फिरणं शू झाल्यावर सुरू होईल. झाली की ‘चल’ म्हणून अर्धा तास मनसोक्त फिरवा. सात मिनिटांत नाही झाली तर मुकाट्यानं वर या, दोरी कमरेलाच राहू द्या, पंधरा मिनिटांनी परत त्याच जागी. पहिल्या दोन-तीन दिवसांत अशा चार-चार फेऱ्या होतील, जिना चढून पाय दुखतील. पण ज्या कुत्र्यानं ‘शू म्हणजे फिरणं बंद’ हे शोधून काढलं, त्याला ‘शू म्हणजे फिरणं चालू’ हे कळायला आठवडाही लागत नाही.

गच्चीवर एक जागा करा. पहिल्या मजल्यावरून दर वेळी खाली नेणं जमणार नाही, आणि रात्रीच्या भीतीवरही ती उपयोगी पडेल. ६० बाय ९० सेंटीमीटरचा, दहा सेंटीमीटर काठ असलेला प्लास्टिकचा किंवा पत्र्याचा ट्रे घ्या. एका कोपऱ्याला छिद्र पाडा आणि ट्रे त्या बाजूला किंचित उतरता ठेवा. खाली तीन सेंटीमीटर मुरूम, वर पाच सेंटीमीटर वाळू. शेतातली काळी माती घालू नका. ओली झाली की ती चिकटते, पाणी धरून ठेवते आणि पायाला लागून घरभर येते. वाळूवर तुफाननं खराब केलेल्या, न धुतलेल्या जुन्या चादरीचा ट्रेएवढा तुकडा अंथरा. मधोमध एक वीट उभी ठेवा, पाय वर करायला लागेल तेव्हा तीच लागेल. त्याच दिवशी घरातल्या जमिनीवरच्या बाकी सगळ्या चादरी, सतरंज्या, पायपुसणी उचलून ठेवा. हे राहिलं तर ट्रेचा उपयोग नाही. ट्रेवर नेतानाही दोरी, तोच शब्द, तोच खाऊ. चार दिवस सलग तिथे झालं की चादरीची पंधरा सेंटीमीटरची पट्टी कापून कमी करा, आणि दर चार-पाच दिवसांनी आणखी एक. वाळू पायाला लागायला लागली की त्याला मंगळवेढा आठवतं म्हणा ना. साधारण महिन्याभरात नुसती वाळू उरते. चादर कमी केल्यावर पुन्हा ट्रेबाहेर व्हायला लागलं, तर घाई झाली. एक पट्टी मागे जाऊन आठवडाभर थांबा. ओली वाळू रोज खुरप्यानं काढून टाका, शी कागदात गुंडाळून कचऱ्यात. ती बागेत किंवा भाजीच्या वाफ्यात पुरू नका. गोलकृमीची अंडी मातीत दोन-चार आठवड्यांत संसर्गजन्य होतात आणि लहान मुलांच्या हाताला लागतात.

आता धुणं. इथे बहुतेक घरांत चूक होते. कुत्र्याचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असतं. आपल्याला वास गेला असं वाटतं तेव्हा त्याला ‘संडास इथे’ अशी पाटी अजून स्पष्ट वाचता येते. फिनेलचा उग्र वास या पाटीवर नुसता पांघरूण घालतो, शिवाय काळ्या फिनेलमधली द्रव्यं पंजे चाटणाऱ्या कुत्र्याला चांगली नाहीत. अमोनियावालं क्लीनर तर नकोच, लघवीचा वासही त्याच जातीचा असतो. तुमच्या जुन्या घरात शहाबादी फरशी असेल तर आणखी एक सांभाळा. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. व्हिनेगर, लिंबू किंवा बाथरूमचं ॲसिड पडलं की तो फसफसतो, वरचा गुळगुळीतपणा जातो आणि पुढची लघवी आणखी आत मुरते. इंटरनेटवर सगळीकडे व्हिनेगर सांगतात. ते टाइलला ठीक, शहाबादीला नाही.

पाणी कमी लागेल अशी पद्धत ही. आधी वर्तमानपत्राची जाड घडी थारोळ्यावर ठेवून पायानं दाबा, पुसू नका, पुसलं की पसरतं. दोन-तीन कागदांत बहुतेक ओल निघून येते. मग अर्धा लिटर कोमट पाण्यात एन्झाइम असलेली कपड्यांची पावडर एक छोटा चमचा, किंवा पेट शॉपमध्ये मिळणारं एन्झाइमवालं क्लीनर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात. डागाच्या चारी बाजूंनी वीतभर जास्त जागा भिजवा आणि पंधरा मिनिटं ओलीच राहू द्या. लगेच पुसलं तर एन्झाइमला काम करायला वेळच मिळत नाही. उकळतं पाणी वापरू नका, त्यानं एन्झाइम मरतात. त्याआधी फिनेल टाकलं असेल तरी त्यांचं काम बिघडतं. शेवटी एक तांब्या पाणी, कोरडं फडकं. दीड-दोन लिटरच्या वर पाणी लागत नाही. जुन्या जागा शोधायला रात्री दिवे घालवून नोटा तपासायची अल्ट्राव्हायलेट टॉर्च फरशीवर फिरवा, मुरलेली लघवी पिवळट-हिरवट चमकते. दिवाणामागे आणि त्याच्या पायांना पहिल्यांदा बघा. चादरी आधी गार पाण्यातून काढा, मग एन्झाइमच्या पावडरीत तासभर भिजवून धुवा. नुसतं उन्हात वाळवून चालत नाही. पावसाळ्यात हवा दमट झाली की तोच वास परत उठतो आणि कुत्रा परत तिथे जातो.

भाकरी-दूध थांबवा. मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही, म्हणून शी पातळ होते. नुसत्या भाकरीत प्रथिनं कमी आणि चोथा जास्त, म्हणून ती चार वेळा होते. दहा दिवसांत हळूहळू बदला : रोज थोडी भाकरी कमी, त्या जागी उकडलेलं चिकन किंवा अंडी, नाहीतर चांगलं तयार खाद्य. पूर्ण घरचं जेवण ठेवायचं असेल तर कॅल्शियमचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या, वाढीच्या वयात ते चुकलं तर हाडांवर जातं. दिवसातून दोन वेळा घट्ट, उचलता येईल अशी शी व्हायला लागली की खाणं बसलं असं समजा. जंताचं औषध या वयात दर तीन महिन्यांनी.

दारूकामाची भीती वेगळी हाताळावी लागते. दारूकाम होतं त्या होम मैदानाच्या इतकं जवळ राहून ते आवाज त्यानं पहिल्यांदाच ऐकले, आणि त्याच्या डोक्यात अंधार, जिना आणि स्फोट एकत्र बांधले गेले. ओढून नेऊ नका. ओढलं की जिना आणखी वाईट होतो. पंधरा दिवस रात्रीची शू गच्चीवरच्या ट्रेवर करवा. दरम्यान रोज संध्याकाळी अंधार पडायच्या आधी जिन्याच्या पहिल्या पायरीवर दोन तुकडे चिकन टाका आणि परत या. तो आपणहून खाली आला की दुसऱ्या दिवशी दोन पायऱ्या, मग चार. थरथरत असेल, खाऊ तोंडात घेत नसेल, तर त्या दिवशी खूप पुढे गेलात. वेळ रोज दहा मिनिटांनी अंधाराकडे सरकवत न्या. पुढच्या जानेवारीत दारूकामाच्या दिवशी दुपारीच लांब फिरवून आणा आणि संध्याकाळी आतल्या खोलीत, खिडक्या लावून, पंखा आणि टीव्हीच्या आवाजात ठेवा. फारच घाबरत असेल तर डॉक्टर त्या रात्रीपुरतं औषध देऊ शकतात, ते आदल्या आठवड्यात विचारा.

‘आम्ही बाहेर गेलो की करतो’ याचा निकाल मोबाइल लावून देईल. कपाटावर फोन ठेवून रेकॉर्डिंग चालू करा आणि बाहेर जा. तुम्ही गेल्यावर पाच-दहा मिनिटांत दार ओरखडणं, केकाटणं, लाळ गाळणं आणि त्यातच शू होत असेल, तर ती एकटेपणाची घाबरगुंडी आहे. मग दाराबाहेर अर्धा मिनिट उभं राहून परत येण्यापासून सुरुवात करा : एक मिनिट, तीन, पाच, दहा. तो शांत असतानाच आत या. दोन तासांवर जायला पाच-सहा आठवडे लागतात. तो निवांत झोपला, पाच-सहा तासांनी उठला आणि चादरीवर गेला असं दिसलं, तर वेळ जास्त झाली आणि चादर समोर होती, एवढंच. तुमच्यावर राग आला म्हणून तासाभरानं ठरवून घाण करायची, अशी मांडणी कुत्रा करत असल्याचं कुठेही दिसलेलं नाही.

राहिला ढ असण्याचा प्रश्न. अमेरिकेतल्या चेसर नावाच्या बॉर्डर कॉली कुत्रीला १,०२२ खेळण्यांची नावं येत होती, त्यावरचा शोधनिबंध २०११ साली आला. पण तिला तीन वर्षं रोज चार-पाच तास शिकवलं जात होतं, आणि तिच्या पूर्वजांना मेंढपाळाच्या शब्दासरशी वळायचंच काम होतं. लॅब्रेडोर शिकाऱ्यानं पाडलेला पक्षी आणून हातात द्यायला घडवला. अशा कुत्र्याला माणसाचा पुढचा शब्द म्हणजेच काम. कारवानी, ज्याला मुधोळ हाउंड म्हणूनही ओळखतात, तो नजरेनं सावज हेरून त्यामागे धावायला घडला. ससा माळावर वळतो तेव्हा मालक कुठेतरी मागे असतो, विचारायला वेळ नसतो. कुठे आडवं जायचं, कधी वळायचं हे त्यानंच ठरवायचं. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी चांगलं ठरवलं त्यांचीच पिल्लं ठेवली गेली. याच मुधोळ हाउंडचं २००५ साली टपाल खात्यानं तिकीट काढलं. ‘बस’वर बसणं हे त्याच्या हुशारीचं मोजमाप होऊच शकत नाही.

घरी एक साधी परीक्षा करून पाहा. झाकण न लावलेल्या डब्यात चिकनचा तुकडा टाकून दोन-तीन वेळा त्याला काढू द्या. मग झाकण घट्ट लावून तोच डबा पुढे ठेवा आणि गप्प उभे राहा. बुडापेस्टच्या संशोधकांनी २००३ साली अशीच न सुटणारी कोडी कुत्र्यांना आणि माणसांनीच वाढवलेल्या लांडग्यांना दिली. कुत्रे थोडा प्रयत्न करून माणसाकडे वळून बघत, लांडगे बघत नसत. शेजारचा लॅब्रेडोर बहुधा पटकन तुमच्याकडे बघेल. तुफान कदाचित डबा लोळवेल, पंजानं दाबेल, बऱ्याच उशिरा मान वळवेल. एकजण मदत मागण्यात हुशार, दुसरा स्वतः करून बघण्यात. माणसाचे इशारे वाचणं तर आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही न शिकवता येतं. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०२० साली दाखवलं की जवळ यायचं धाडस केलेल्या भटक्या कुत्र्यांपैकी सुमारे ८० टक्के बोटानं दाखवलेल्या भांड्याकडे गेले. बाकी बरेच कुत्रे मुळात जवळच आले नव्हते, आणि त्यात भीतीचाही वाटा होता. भीती बसली की हुशारी दिसतच नाही. तुमच्या घरातही तेच झालंय.

त्याला शिकवताना धडा तीन ते पाच मिनिटांचा ठेवा, दिवसातून दोन-तीनदा, रिकाम्या पोटी. एका धड्यात आठ-दहा वेळांच्या वर नको. कारवानीला तेच-ते करायचा लवकर कंटाळा येतो आणि तो निघून जातो, त्याला आपण हट्ट म्हणतो. आज्ञा एकदाच द्या. ‘तुफान, बस, बस, बस की रे’ म्हटलं की त्याच्या कानाला ‘बस’ हा शब्द तिसऱ्या वेळेपासून सुरू होतो. आधी घरात, मग गच्चीवर, मग गल्लीत. घरात येतं ते रस्त्यावर आपोआप येत नाही, तिथे परत शून्यातून सुरुवात असते. ‘ये’ हा शब्द कधीही रागावण्यासाठी किंवा फिरणं संपवण्यासाठी वापरू नका. आणि कितीही ऐकायला लागला तरी उघड्यावर दोरी सोडू नका. मांजर किंवा डुक्कर पळताना दिसलं की त्याचे कान बंद होतात, आणि सोलापूरच्या रस्त्यांवर तेवढा एक क्षण पुरतो. मोकळं धावायला बंदिस्त मैदान किंवा दहा मीटरची लांब दोरी. त्याचं डोकं मानेपेक्षा फारसं रुंद नसतं, साधा पट्टा मागे सरकत जाऊन तो निसटतो. चार सेंटीमीटर रुंदीचा, ओढल्यावर थोडाच आवळणारा मार्टिंगेल पट्टा घ्या. लांब दोरी मात्र छातीच्या हार्नेसलाच लावा, धावताना मानेला हिसका बसू नये म्हणून.

दहा-बारा दिवस छान गेले की घरातले सगळे ढिले पडतात, आणि नेमकं तिथेच घसरतं. चौदा दिवस घरात एकही थारोळं नाही, मगच कमरेची दोरी काढून त्याला एक खोली मोकळी द्या. आणखी चौदा दिवसांनी दुसरी. दिवाणाची खोली सगळ्यात शेवटी, चादर तर त्याच्याही नंतर.

सकाळी आठची वेळ आता बदलाच. मार्च लागला की आपल्याकडे नऊच्या आत डांबर तापतं, आणि पाय भाजणारा कुत्रा थांबून शू करत नाही, घरी पळतो. हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून सात सेकंद ठेवता आली नाही तर तो रस्ता त्याच्यासाठी नाही. मार्चच्या मध्यापासून सकाळी साडेपाच आणि संध्याकाळी साडेसातनंतर. गच्चीवरचा ट्रे पाण्याच्या टाकीच्या सावलीत सरकवा, वर जुन्या गोणपाटाचं छप्पर बांधा आणि दुपारी नेण्याआधी भाज्या धुतलेलं तांब्याभर पाणी वाळूवर शिंपडा.